शार्लट स्ट्रीटवरची तालीम

हा जो टणटणीत ठोका ऐकू येतोय ना, तो मोटारीच्या ब्रेक ड्रमचा. गाडीतून काढलेला, लोखंडी सळीनं वाजवलेला. इथे त्याला नुसतं 'आयर्न' म्हणतात आणि ताल धरणाऱ्या सगळ्या मंडळींना 'इंजिन रूम'.

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. शार्लट स्ट्रीटवरचं हे रेनेगेड्स बँडचं पॅनयार्ड, म्हणजे स्टीलपॅन या पोलादी वाद्याच्या तालमीचं अंगण. कार्निव्हल जवळ आला की दिवेलागणीनंतर इथे गर्दी जमते. कामावरून सुटून आलेले वादक, शाळकरी पोरं, नुसते ऐकायला आलेले म्हातारे. कित्येकांना स्वरलिपी वाचता येत नाही. अरेंजर, म्हणजे बँडसाठी गाणं बसवणारा, एक तुकडा वाजवून दाखवतो, पुढचे तो उचलतात, मागच्यांना देतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

पॅन जवळून बघा. मूळचं तेलाचं पिंप. तळ घणानं ठोकून कढईसारखा खोलगट केलेला, त्यावर टोच्यानं आखलेले स्वरांचे कप्पे. मग पिंप कापायचं, जाळावर तापवायचं आणि लहान हातोडीनं एकेक स्वर लावायचा. उंच स्वरांच्या टेनर पॅनचं पिंप आखूड कापतात. खर्जातल्या बासला मात्र अख्खी पिंपं लागतात, एकेका वादकाभोवती सहा-सहा.

1880च्या दशकात ब्रिटिश सरकारनं ढोलांवर बंधनं घातली, तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे, रंगाचे डबे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पिंपं. बँडच्या मारामाऱ्या व्हायच्या, पोलीस मागे लागायचे. घरचा मुलगा पॅन वाजवतो हे सांगायची लाज वाटायची. रेनेगेड्सचं नावही लोक दबकूनच घेत. तेच पॅन 1992 साली देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं!

या दबदब्याच्या बँडला घडवलं लोपिनो गावच्या जित समारू या अरेंजरनी. भारतीय वंशाचा, शांत स्वभावाचा माणूस. 1982 ते 1997 या काळात त्यांच्या रचनांवर रेनेगेड्सनं नऊ वेळा पॅनोरमा ही कार्निव्हलमधली स्टीलबँडची स्पर्धा जिंकली, त्यातली शेवटची तीन वर्षं लागोपाठ.

स्पर्धेत मोठ्या बँडला मिळतात आठ मिनिटं. खरं सांगायचं तर ती रचना इथेच ऐकावी. तेच अवघड वळण विसाव्यांदा वाजतं आणि अचानक शंभरेक हात एकदम बसतात, ते मंचावर दिसत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पॅनचे चाकांचे रॅक सव्हाना मैदानाकडे निघतात. ज्यांना एक स्वरही वाजवता येत नाही, तेही रॅकला खांदा लावून ढकलतात.