शर्टाचं वरचं बटण

नमस्कार मंडळी. आज मी माझ्या बाबांबद्दल बोलणार आहे. बाबा दारू प्यायचे, रोज प्यायचे आणि त्यातच गेले. त्यांच्यावर आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा खरं सांगते, मला हिशोब चुकता करायचा होता, त्यामुळे पहिली चाळीसेक पानं नुसता राग, किती वाजता आले, काय फेकलं, आम्ही भावंडं कुठे लपलो, सगळं. मग एका सकाळपाशी येऊन पेन अडलं ते अडलंच.

मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री बाबांनी माझी चित्रांची वही फाडली होती, माझ्यासमोर, एकेक पान करून. सकाळी ते आरशासमोर उभे, कामावर जायची घाई, आणि शर्टाचं वरचं बटण काही केल्या काजात जाईना. बोटं थरथरत होती, कपाळावर घाम. "जरा लावून दे गं," म्हणाले. मी स्टुलावर चढून लावलं, आणि ते माझ्याकडे बघून हसून म्हणाले, "नवीन चित्र काय काढलंस? वही दाखव की."

कितीतरी वर्षं मला वाटायचं, हा माणूस मला मुद्दाम छळतोय. इतकं कोण खोटं बोलतं?

लिहिताना अडले म्हणून वाचायला लागले, डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ब्लॅकआउट म्हणजे काय ते कळलं. बेशुद्ध पडणं वेगळं. यात माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण रक्तातली दारू भराभर वाढलेली असते आणि मेंदूत आठवण तयार करणारा जो भाग असतो, हिपोकॅम्पस, तो नवीन काही नोंदवतच नाही. म्हणजे विसरणं नव्हे, आठवण मुळात बनलेलीच नसते. बाबा "मला काहीच आठवत नाही" म्हणायचे ते बऱ्याचदा अक्षरशः खरं असणार, हे पचायला मला फार वेळ लागला.

आणि ती बोटं. रोजच्या दारूने मेंदू सतत दबलेला राहतो, म्हणून तो स्वतःला जास्त जोरात चालवायची सवय लावून घेतो, मग दारू उतरली की दाब जातो पण जोर तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, जीव घाबरा होणं सुरू होतं. काहींना फिट येते, आणि दोन-चार दिवसांत काहींना भलते भास होतात, त्याला डिलीरियम ट्रीमेन्स म्हणतात, त्यात जीवही जाऊ शकतो. आईने एकदा सगळ्या बाटल्या ओतून टाकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बाबा भिंतीवरचे किडे झटकत होते, भिंतीवर काही नव्हतं, आणि आम्ही सगळे समजलो की नाटक करतायत! म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या घरात कोणी खूप वर्षं रोज पीत असेल तर त्याची दारू अशी एकदम घरच्या घरी बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा, त्यासाठी औषधं असतात.

अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने 1956 मध्येच दारूच्या व्यसनाला आजार म्हटलं होतं. मला ते पटलंय. पण आजार म्हटल्याने माझी वही काही जोडली जात नाही, आणि समजून घेणं म्हणजे माफ करणं असं कोणी म्हणालं की मला आतून राग येतो, अजूनही.

मी अल-अनॉनच्या मीटिंगला जाऊन बसले, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते ती. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठीचं अल्कोहोलिक्स अनॉनिमस 1935 मध्ये ज्या दोघांनी सुरू केलं त्यातल्या बिल विल्सन यांची बायको लोइस, तिच्या पुढाकाराने हे 1951 मध्ये उभं राहिलं. तिथे एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात, की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, तुम्ही ते ताब्यात ठेवू शकत नाही, बरंही करू शकत नाही. मी तिथे ढसाढसा रडले, कारण लहानपणी मला पक्कं वाटायचं की माझा पहिला नंबर आला तर बाबा पिणं सोडतील, आणि मी पहिला नंबर आणलाही होता.

हे सगळं कळल्यावर मी आईला विचारलं, वही फाडल्याचं बाबांना कधी कुणी सांगितलं होतं का? आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही गं. सकाळी कामावर जाताना कशाला सांगायचं, आणि संध्याकाळी तर सांगायची सोयच नव्हती."

म्हणजे बाबांना शेवटपर्यंत माहीतच नव्हतं. त्यानंतर दोन-तीनदा त्यांनी चित्रांचं विचारलं होतं, मी दर वेळी "आता काढत नाही" एवढंच म्हणून निघून जायचे. आणि पाहुणे आले की ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हिचा हात फार सुंदर होता हो, का सोडलं कोण जाणे."