तळघरातला टेलिफोन आणि सेवाग्रामचं पत्र

(दृश्य: लंडन, युद्धकाळातलं मंत्रिमंडळाचं तळघर. अरुंद बोळ, एक लाकडी दार, त्यावरची कडी.)

व्हाइटहॉलच्या सरकारी इमारतीच्या पोटातला हा बोळ. वर लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ब्रिटनचं युद्ध इथून चालवलं जात होतं. दाराची कडी नीट पाहा. संडासाच्या दाराला असते तशीच आहे. आत कोणी असेल तर एक पाटी दिसते, नसेल तर दुसरी. पंतप्रधानांना स्वतंत्र संडास मिळालाय, असाच खाली काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा समज होता. तो कोणी दूर केला नाही.

(दृश्य: दार उघडतं. टेबल, खुर्ची, टेलिफोन. भिंतीवरचं घड्याळ.)

घड्याळाला काट्यांच्या दोन जोड्या आहेत. एक लंडनची वेळ दाखवते, दुसरी वॉशिंग्टनची. युद्धाच्या उत्तरार्धात विन्स्टन चर्चिल या खुर्चीत बसून अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याशी बोलत.

बोलणं मात्र थोडं. खरा व्यवहार लेखी होता. चर्चिल यांच्याकडून 1,161 संदेश गेले, रूझवेल्ट यांच्याकडून 788 आले. पाच-साडेपाच वर्षांत जवळजवळ 2,000.

(दृश्य: जुनी चित्रफीत. चर्चिल नौदलाच्या कचेरीत शिरताना.)

सुरुवात रूझवेल्ट यांनी केली. 11 सप्टेंबर 1939. युद्ध सुरू होऊन दहा-अकरा दिवस झालेले. चर्चिल तेव्हा पंतप्रधान नव्हते, नुकते पुन्हा नौदलमंत्री झाले होते. पहिल्या महायुद्धात आपण दोघांनीही नौदलाचं काम पाहिलंय, असं सांगून रूझवेल्ट यांनी सुचवलं : मला काही कळवावंसं तुम्हाला वाटलं तर तुमच्या किंवा माझ्या टपालाच्या थैलीतून बंद पाकीट पाठवत जा. एका तटस्थ देशाचा प्रमुख, युद्धात उतरलेल्या देशाच्या मंत्र्याला, त्याच्या पंतप्रधानांना बाजूला ठेवून लिहितोय. राजशिष्टाचारात हे बसत नाही. चर्चिल यांनी आपल्या वरिष्ठांना सांगून हा पत्रव्यवहार सुरू केला आणि सही करायला टोपणनाव घेतलं, 'नौदलातला माणूस'. मे 1940 मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्याआधी 'माजी' लागलं, इतकंच.

या नव्या सहीचा पहिला संदेश 15 मेचा. त्यात मागणी होती जुन्या 40-50 विनाशिका उसन्या देण्याची.

(दृश्य: लंडनमधला ग्रोव्हनर चौक. मग ग्लॉस्टर प्लेसवरची विटांची घरं.)

हे संदेश लंडनमधल्या अमेरिकी दूतावासातून जात. तिथल्या कोडखोलीत कारकून ते संकेतात उतरवत आणि तार वॉशिंग्टनला जाई. त्या कारकुनांत टायलर केंट नावाचा एक तरुण होता. याआधी मॉस्कोच्या दूतावासात होता, भाषा येणारा, चांगल्या घरातला. हातातून जाणाऱ्या कागदांची एकेक प्रत तो घरी नेत होता.

20 मे 1940 च्या सकाळी ब्रिटिश पोलीस ग्लॉस्टर प्लेसवरच्या त्याच्या खोलीत शिरले. तिथे 1,929 कागद सापडले. कोडखोलीच्या किल्ल्यांची नक्कलही निघाली. चर्चिल-रूझवेल्ट यांच्या तारा त्या ढिगात होत्या. केंटची मैत्रीण ॲना वोल्कोफ ही रशियन झारच्या नौदलातल्या एका ॲडमिरलची मुलगी, ज्यूद्वेष्ट्या 'राइट क्लब'मधली. कागद तिच्यापर्यंत पोचले होते. अमेरिकेत त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि देश अधिकृतपणे तटस्थ होता. अध्यक्ष चोरून ब्रिटनशी संधान बांधतायत, एवढी बातमी बाहेर पडली असती तरी पुरे होती.

राजदूत जोसेफ केनेडी यांनी केंटचं राजनैतिक संरक्षण काढून घेतलं. बंद दाराआड खटला चालला. त्याला सात वर्षं झाली, तिला दहा.

(दृश्य: अटलांटिकवरच्या लाटा. नेदरलँड्सचा वाळूचा किनारा.)

टेलिफोनची गत वेगळी होती. समुद्राखालून बोलण्याची तार तेव्हा नव्हतीच, आवाज रेडिओवरून जाई. तो कोणालाही पकडता येत होता. म्हणून एका यंत्रातून त्याचे तुकडे उलटसुलट करून पाठवत. दोन्ही टोकांना ऐकत बसणारे सेन्सॉर असत. लंडनच्या टोकाला लघुलिपी जाणणारी एक तरुण मुलगी होती. पंतप्रधान काही भलतंच बोलून जायला लागले की मध्येच बोलणं तोडायचा अधिकार तिला होता आणि तो ती वापरत असे.

एवढं करूनही उपयोग नव्हता. जर्मन टपालखात्याच्या इंजिनिअरांनी हा उलटसुलट आवाज सरळ करायचं यंत्र बनवलं होतं आणि डच किनाऱ्यावर ऐकण्याचं ठाणं बसवलं होतं. 29 जुलै 1943 ला चर्चिल आणि रूझवेल्ट इटलीच्या शस्त्रसंधीबद्दल बोलले. मुसोलिनी पडून चार दिवस झाले होते. ते बोलणं जर्मनांनी टिपून घेतलं.

(दृश्य: अमेरिकेतल्या मेरीलँडमधलं गुप्तलिपी-संग्रहालय. छताला भिडलेली यंत्रांची कपाटं, दोन मोठे टर्नटेबल.)

गंमत अशी, की यावरचा उपाय त्याच महिन्यात, 15 जुलैला, चालू झाला होता. आता समोर दिसतंय ते त्याच यंत्राचं प्रतिरूप. नाव सिगसॅली. बेल प्रयोगशाळेत बनलेलं. एका टोकाचं वजन 50 टनांहून जास्त, अशी 40 कपाटं, आणि ती तापू नयेत म्हणून खोली थंड ठेवणारी वेगळी यंत्रणा. एक टोक वॉशिंग्टनजवळ पेंटागॉनमध्ये. दुसरं लंडनमध्ये, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाच्या जोडइमारतीच्या तळघरात. वर दुकान, खाली हे. तिथून तार टाकून मंत्रिमंडळाचं तळघर जोडलं गेलं.

हे यंत्र आवाज पाठवतच नव्हतं. बोलणाऱ्याचा आवाज दहा पट्ट्यांत फोडायचं. प्रत्येक पट्टा सेकंदाला 50 वेळा मोजायचा आणि दरवेळी सहापैकी एक पायरी नेमायची. म्हणजे बोलणं आकड्यांत उतरलं. मग त्या प्रत्येक आकड्यात दुसरा एक आकडा मिसळायचा, ज्याला काही नियमच नाही. हे बेशिस्त आकडे आणायचे कुठून? पाऱ्याच्या वाफेच्या नळ्यांमधून येणाऱ्या खरखरीतून. ती खरखर ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरवायची. तबकडीच्या प्रती फक्त दोन, एक वॉशिंग्टनला, एक लंडनला. दोन्हीकडे एकाच क्षणी सुई टेकवायची. पलीकडची तबकडी तेच आकडे वजा करत जाई आणि उरे तो शब्द. एक तबकडी साधारण बारा मिनिटं पुरायची. म्हणून दोन टर्नटेबल, एक संपायच्या आत दुसरी चालू करायला. बोलणं झालं की दोन्ही प्रती नष्ट. पुन्हा वापरायची नाही. मधे कोणी ऐकलंच तर त्याला नुसती भुणभुण ऐकू यावी.

ब्रिटनने अमेरिकेत धाडलेले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी 1943 च्या सुरुवातीला या यंत्राची तपासणी केली होती. यंत्र चालवायला अमेरिकी सैन्याची वेगळी तुकडी होती. आणि त्यातून निघणारा आवाज? ऐकणारे म्हणत, डोनाल्ड डकसारखा. महायुद्धाचे निर्णय त्या आवाजात झाले. याची पेटंटं 1976 पर्यंत सरकारने झाकून ठेवली. घरी कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून या तुकडीतल्या लोकांचं काम बरीच वर्षं अज्ञातच राहिलं. आपण निदान त्यांची खोली तरी निवांत पाहू.

(इथे निवेदन नाही. कॅमेरा टर्नटेबलवरून कपाटांकडे.)

(दृश्य: व्हाइट हाउसमधल्या नकाशाखोलीचं छायाचित्र.)

लेखी तारांचीही अशीच राखण होती. जानेवारी 1942 मध्ये व्हाइट हाउसच्या तळमजल्यावर नकाशाखोली उघडली. भिंतीवरच्या नकाशावर नेते कुठे आहेत ते टाचण्यांनी दाखवत. चर्चिल यांची टाचणी चिरुटाची, रूझवेल्ट यांची सिगारेटच्या नळीची, स्टॅलिन यांची पाइपाची. पण डोकं लढवलंय ते वेगळ्याच गोष्टीत. इथून जाणाऱ्या तारा नौदलाच्या कोडखोलीतून पाठवायच्या आणि येणाऱ्या लष्कराच्या खोलीतून घ्यायच्या. त्यामुळे प्रश्न एका खात्याकडे आणि उत्तर दुसऱ्याकडे. पूर्ण संभाषण फक्त या खोलीतल्या फाइलीत.

त्या फाइलीत हिंदुस्थानही आहे.

(दृश्य: क्रिप्स दिल्लीत. मग चेकर्स, पंतप्रधानांचं खेड्यातलं घर.)

एप्रिल 1942. ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांची हिंदी नेत्यांशी चाललेली बोलणी फिसकटली. क्रिप्स यांना थांबवून घ्या, हिंदी लोकांच्या हाती सरकार द्यायचा आणखी एक प्रयत्न करा, अशी रूझवेल्ट यांची तार पहाटे तीनच्या सुमाराला चेकर्सला पोचली. त्यांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स त्या वेळी तिथेच मुक्कामाला होते. चर्चिल भडकले. वेळ पडली तर पद सोडीन इथवर बोलले. लेखी उत्तर मात्र मऊ, तुमच्या-माझ्यात गंभीर मतभेद झाला तर माझं हृदय विदीर्ण होईल, अशा अर्थाचं. क्रिप्स निघून आले.

(दृश्य: सेवाग्राम. कुडाच्या भिंती, कौलं. आश्रमातला जुना टेलिफोन.)

वर्ध्याजवळचं सेवाग्राम. हा टेलिफोन व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून घेतला होता, असं आश्रमात सांगतात. गांधीजींना रूझवेल्ट यांच्याशी बोलायचं झालं तेव्हा मात्र त्यांच्यापुढे ना कोड होता ना तबकडी. 1 जुलै 1942 ला त्यांनी इथून पत्र लिहिलं आणि लुई फिशर या अमेरिकी पत्रकारामार्फत पाठवलं. इंग्लंड हिंदुस्थानला आणि आफ्रिकेला पिळतंय आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात काळ्यांचा प्रश्न आहे, तोवर जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढतोय ही दोस्तांची घोषणा पोकळ वाटते, असं त्यात सरळ लिहिलंय. रूझवेल्ट यांचं उत्तर 1 ऑगस्टचं. 8 तारखेला मुंबईत गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. 9 च्या पहाटे गांधीजी अटकेत, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. काँग्रेसची कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात.

(दृश्य: बंगालच्या दुष्काळातली छायाचित्रं. निवेदन सावकाश.)

29 एप्रिल 1944 ला गुप्त तारांच्या याच मार्गाने चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानात गहू आणायला जहाजं मागितली. बंगालात किमान 7 लाख माणसं गेली, असं त्यांनी त्यात लिहिलं. आज अभ्यासक 20 ते 30 लाख धरतात. उत्तर 1 जूनला आलं : लष्करी मोहिमांना अडचण होईल, जहाजं देता येत नाहीत. नॉर्मंडीची चढाई पाच दिवसांवर होती.