बेसिनचा पंप घेऊन आलेला राक्षस

हा जो समोर उभा आहे ना, त्याला नीट बघून घ्या. खाली घागऱ्यासारखा घेर, घेरावर अर्धे कापलेले चेंडू चिकटवल्यासारखे गोळे, वर घुमट, घुमटातून बाहेर आलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला एक डोळा. ते रवीसारखं दिसतंय ती बंदूक. आणि तिच्या शेजारी, हो हो, तुम्हाला वाटतंय तेच आहे ते, बेसिन तुंबलं की आपण घरभर शोधत फिरतो तो रबरी पंप. माझ्या भाच्याला पहिल्यांदा दाखवलं तर खो खो हसला, म्हणाला, मामा हा काय जग जिंकणार, हा तर प्लंबर आहे. म्हटलं थांब जरा, आवाज ऐक. आवाज सुरू झाला आणि पोरगं हळूच सरकत माझ्या बाजूला येऊन बसलं, हसू होतं तोंडावर पण अर्धवट.

याचं नाव डालेक. डॉक्टर हू नावाच्या ब्रिटिश मालिकेतला, म्हणजे काळातून मागेपुढे फिरणाऱ्या डॉक्टर नावाच्या प्रवाशाच्या मालिकेतला, सगळ्यात मोठा व्हिलन, आणि गंमत म्हणजे तो टीव्हीवर येऊच नये असा वरून हुकूम होता.

तर झालं असं की २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी, बीबीसीवर ही मालिका सुरू झाली. मुहूर्त असा की आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींना गोळी घातलेली, सगळीकडे तीच बातमी, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला एपिसोड परत दाखवावा लागला. निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट, तिशीसुद्धा गाठलेली नव्हती तिने, आणि पहिल्या गोष्टीचा (एकेक गोष्ट काही एपिसोडांची असायची) दिग्दर्शक होता वारिस हुसेन, पंचविशीतला मुलगा, जन्म आपल्या लखनौचा. त्या काळातल्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा मालिका चालवतायत म्हटल्यावर लोकांच्या भुवया कशा उडाल्या असतील ते तुम्हीच समजा.

ड्रामा विभागाचा साहेब होता सिडनी न्यूमन. मालिकेची कल्पना मुळात त्याची, आणि त्याची अट एकच, बटबटीत डोळ्यांचे परग्रहावरचे राक्षस मला नकोत, मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचंय. आणि दुसऱ्याच गोष्टीला याच्या टेबलावर डालेक! साहेब जाम भडकला. पण लॅम्बर्टकडे दुसरी स्क्रिप्टच तयार नव्हती. तिने ठाम सांगितलं, हे राक्षस नाहीत, अणुयुद्धात शरीरं बिघडून गेली म्हणून चिलखतात बसून जगणारे जीव आहेत. मला विचाराल तर डालेकचं खरं श्रेय निम्मं त्या वादावादीला आहे.

लिहिणारा टेरी नेशन. मूळचा कार्डिफचा, लहानपण महायुद्धात, बॉम्बहल्ल्याचे भोंगे आणि खंदक बघत गेलेलं, आणि पोटापाण्यासाठी टोनी हॅनकॉक या विनोदी नटाला जोक लिहून द्यायचा. डॉक्टर हूचं काम आधी त्याने नाकारलं होतं, मुलांच्या मालिकेत काय लिहायचं म्हणून. मग हॅनकॉकशी वाजलं, काम गेलं आणि हे काम मुकाट्याने घेतलं, तेही घाईघाईत उरकलं कारण दुसरं काम लगेच समोर आलेलं. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की होती, की या प्राण्यांमध्ये आतला माणूस दिसता कामा नये. त्याने जॉर्जियाच्या लोकनृत्याचा ताफा पाहिला होता, त्यातल्या बायकांचे झगे पार जमिनीला टेकलेले, पाय दिसतच नाहीत, नुसत्या तरंगत सरकतात असं वाटतं. ते तसं सरकणं त्याला हवं होतं.

आता हे कागदावर ठीक आहे, बनवायचं कोणी? काम आधी जाणार होतं रिडली स्कॉटकडे, हो तोच, पुढे हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक झालेला, तेव्हा तो बीबीसीत पगारी डिझायनर होता. तारखा जुळल्या नाहीत आणि काम आलं रेमंड कुसिककडे. कुसिकने विचार सरळ केला, पैसे कमी, वेळ कमी, आत माणूस तर बसणारच, मग खुर्चीवर बसलेला माणूस काढा आणि त्याच्याभोवती कवच काढा. झालं. लोक म्हणतात त्याने मिरपुडीच्या डबीवरून डिझाइन केलं, पण तो वैतागून सांगायचा की तसं नाही, जेवताना मी फक्त ती डबी टेबलावर सरकवून दाखवली की हे चालणार कसं. हाताच्या जागी तो रबरी पंप का, तर स्वस्तात मिळतो म्हणून, त्यात दुसरं कुठलं गूढ नाही.

डालेकच्या या पहिल्या गोष्टीसाठी जेमतेम चार डालेक बनले. गर्दी दाखवायची असली की मागे फोटोचे कटआउट उभे करायचे, आपल्याकडे निवडणुकीत नेत्यांचे लावतात ना तसे. आत माणूस छोट्या बैठकीवर बसून पायाने जमीन ढकलत चाकांवर सरकायचा, वरून स्टुडिओतल्या दिव्यांचं ऊन, आत घामाच्या धारा. आणि तो बोलायचासुद्धा नाही! बोलणारे दुसरेच, पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम, ते माइकसमोर. मग चार एकसारख्या डब्यांमधला नेमका कोण बोलतोय हे प्रेक्षकाला कळणार कसं? म्हणून डोक्यावर ते दोन दिवे, आतल्याने संवाद पाठ करून बरोबर शब्दाशब्दाला ते लावायचे. म्हणजे एक डालेक उभा करायला दोन माणसं, एक हलणारा आणि एक बोलणारा.

तो आवाज हाच सगळ्याचा गाभा आहे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे चित्रविचित्र आवाज बनवणाऱ्या विभागात, ब्रायन हॉजसन होता, त्याने नटांचा आवाज रिंग मॉड्युलेटर नावाच्या सर्किटमधून काढला. त्यात माणसाच्या आवाजात साधारण ३० हर्ट्झची एक खालची घरघर मिसळली जाते, त्यामुळे शब्द थरथरत, चिरत बाहेर पडतात. वर बोलायची ढब अशी की प्रत्येक अक्षर तोडून, चढ नाही उतार नाही, आणि मग रागाने किंचाळत एकच शब्द, एक्स्टर्मिनेट, म्हणजे नष्ट करा. डोळे मिटून ऐका एकदा. समजूत घालावी असा हा प्राणीच नाही हे आवाजातच कळतं.

२१ डिसेंबर १९६३ चा एपिसोड बघा. डॉक्टरसोबत फिरणारी बार्बरा नावाची शिक्षिका एका धातूच्या शहरात वाट चुकलीय, दारं आपोआप बंद होतायत, ती भिंतीला टेकते आणि कॅमेऱ्याच्या बाजूने तो पंप तिच्या दिशेने पुढे येतो. बस. डालेक दाखवलाच नाही, फक्त पंप आणि किंकाळी, आणि एपिसोड संपला. आठवडाभर अख्ख्या ब्रिटनमधली पोरं विचार करत बसली की तिने नक्की पाहिलं काय. गोष्ट संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या पुढे गेले होते, आणि चिडलेल्या न्यूमन साहेबांनाही पुढे मानावं लागलं की मालिका वाचली ती याच डब्यांमुळे.

पण नेशनने गोष्टीच्या शेवटी सगळे डालेक मारून टाकलेले ना! त्या गोष्टीत त्यांना वीज मिळायची शहराच्या धातूच्या फरशीतून, फरशीशी संबंध तुटला की खेळ खलास. आता लोकांची पत्रं येतायत, डालेक परत आणा. मग १९६४ मध्ये युक्ती केली, गोष्ट वेगळ्या काळात नेली, आणि लंडनच्या डांबरी रस्त्यावर हे चालतात कसे असं कोणी विचारू नये म्हणून पाठीला एक गोल डिश लावून दिली. उन्हाळ्यात एका रविवारी पहाटे, रस्ते रिकामे असताना, वेस्टमिन्स्टर पुलावर शूटिंग झालं. मागे पार्लमेंटची इमारत आणि पुलावरून डालेक सरकतायत. वीसच वर्षांपूर्वी याच शहरावर जर्मन बॉम्ब पडत होते. डालेक पंप उंच करून सलाम ठोकतात तो कुणाचा सलाम हे त्या पिढीला समजावून सांगायला लागलं नाही. आपल्यापेक्षा वेगळा दिसणारा प्रत्येक जीव संपवायचा, एवढंच डालेकचं राजकारण.

त्या नाताळपासून बाजारात डालेकच डालेक, खेळणी, पुस्तकं, पोरांनी आत शिरायचे सूट, पुढच्या वर्षी रंगीत सिनेमा. नेशनकडे हक्क होते, तो श्रीमंत झाला. आणि कुसिक? तो बीबीसीचा पगारी नोकर, डिझाइन कंपनीचं. त्याला मिळाले १०० पौंडांचा बोनस आणि मुलांच्या कार्यक्रमाचा एक बॅज. ज्याच्या पेन्सिलीतून ते रूप आलं त्याच्या हाती बॅज, हे मला आजही खटकतं, नियम काहीही असोत.

याच मालिकेतल्या दुसऱ्या व्हिलनांचं, सायबरमनांचं नाव नाही घेतलं तर फॅन लोक मला सोडणार नाहीत, म्हणून थोडक्यात. १९६६ चे ते, डोळ्यांवर संशोधन करणारा डॉक्टर किट पेडलर आणि लेखक गेरी डेव्हिस यांनी बनवलेले. माणूस एकेक अवयव बदलत गेला तर शेवटी माणूस म्हणून उरेल काय, ही पेडलरची भीती, आणि पहिलं हृदयारोपण व्हायला अजून वर्ष होतं तेव्हा. कल्पना जबरदस्त. पण सायबरमन तुम्हाला आपल्यात ओढतो, म्हणजे त्याला तुम्ही हवे तरी असता. डालेकला तुम्ही नकोच असता.

याचा कळस १९७५ च्या सहा भागांच्या गोष्टीत आहे, तीही नेशनचीच. डालेक बनवणारा शास्त्रज्ञ डाव्ह्रॉस, अर्धं शरीर गेलेलं, खाली डालेकचाच सांगाडा, एकच हात चालतो. मायकल विशर या नटाने मुखवट्याआडून बोलायची सवय व्हावी म्हणून तालमीत डोक्यावर कागदी पिशवी घातली होती म्हणतात, आणि कामात ते दिसतंच. डॉक्टर त्याला विचारतो, सगळी जीवसृष्टी संपवणारा विषाणू तुझ्या हातात असता तर तू सोडला असतास का? डाव्ह्रॉस आधी विचारात पडतो. मग हात वर करतो, अंगठा आणि बोट, मध्ये जणू ती इवलीशी कुपी धरलीय, आणि बोलता बोलता ती चिमूट आवळत जाते. स्पेशल इफेक्ट शून्य, नुसती दोन बोटं. शेवटी त्याचेच डालेक त्याच्या माणसांवर उलटतात, तो म्हणतो दया करा, तर डालेक सांगतो, दया हा शब्द माझ्या शब्दकोशात नोंदलेलाच नाही. नोंदवायचा राहिला कुणाकडून? ऐकणाराही तोच.

एवढं सगळं असून ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं एकच जोक, जिना चढून वर जा, डालेक खालीच राहतो. १९८८ मध्ये तो एकदा जिन्यावरून तरंगत वर आला होता, पण लोकांनी जोक काही सोडला नाही. मग मालिका बंद पडली, २००५ ला नव्याने आली, हक्कांवरून आदल्या वर्षी बोलणी फिसकटली होती ती कशीबशी जुळली, आणि रॉबर्ट शिअरमनने एकाच एपिसोडमध्ये सगळे टोमणे फेडले. जिन्याखाली डालेक थांबतो, वरून एक पोरगा टिंगल करतो, डालेक शांतपणे म्हणतो एलिव्हेट, आणि उचलला जातो. त्याआधी एक माणूस त्याच्यासमोर उभा राहून विचारतो, काय करणार आहेस तू, या पंपाने मारणार मला? आणि तो पंप पुढे येऊन त्याच्या तोंडावर बसतो.

हा एपिसोड भाच्याला दाखवला तेव्हा तो प्लंबर वगैरे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाथरूममधला पंप जागेवर नव्हता, शोधला तर बाल्कनीत सापडला, वर उलटी बादली झाकलेली.