वाणाची लोकर

(दृश्य : वडगावची गल्ली, सकाळ. यंत्रमागांची खटखट. आवाज हळूहळू मागे पडतो.)

बेळगावातलं वडगाव म्हटलं की मागांची खटखट आलीच. पण दुपारची जेवणं आटोपली, की या घराच्या सोप्यात दुसराच आवाज सुरू होतो. तो मात्र कान देऊन ऐकावा लागतो.

(दृश्य : सुयांची टोकं, अगदी जवळून. पाच सेकंद निवेदन नाही.)

संक्रांतीला बारा दिवस उरलेत. घरच्या काकूंना हळदीकुंकवाला ४० वाणं लुटायची आहेत, आणि ती विकतची नकोत. विकतची का नकोत, ते या माळ्यावर बघा. या सगळ्या प्लास्टिकच्या डब्या वाणातच आलेल्या. काहींची झाकणं अजून उघडलेलीसुद्धा नाहीत.

विणायला चौघी आहेत. काकू, त्यांची सून, कॉलेजात जाणारी पुतणी आणि शेजारच्या अक्का. अक्कांच्या घरी कानडी बोलतात, लोकरीला त्या उण्णे म्हणतात. टाके मात्र मराठीतच मोजतात, कारण शिकल्या त्या काकूंकडे.

बारा दिवसांत काय विणायचं, याआधी काय विणायचं नाही ते ठरलं. स्वेटर नाही. मफलर तर मुळीच नाही. तो दिसायला सोपा, पण हातभर झाला की जीव जातो आणि अजून दोन हात बाकी असतात. लवकर होणारी वस्तू म्हणजे रुंदी कमी, सरळ विणता येणारी, टाके वाढवा-घटवायची भानगड नसलेली.

(दृश्य : डब्यातल्या सुया वर्तमानपत्रावर ओतल्या जातात.)

दुसरी युक्ती सुयांची. आपल्याकडचे नंबर उलटे चालतात. १२ नंबरची सुई बारीक, ८ नंबरची जाड, म्हणजे ४ मिलिमीटरची. आज काकूंनी काढलेली ४ नंबरची जोडी तर चांगली ६ मिलिमीटर जाड. तिच्यावर लोकर दुहेरी घ्यायची. टाका मोठा पडतो, काम भरभर सरकतं.

(दृश्य : पुतणीचे हात. बांगड्या कोपराकडे सारते.)

ही थंडीत कान झाकायची कानपट्टी. टाके फक्त १४. डाव्या अंगठ्यावर लोकरीचा फास, त्यात सुईचं टोक, हलकी ओढ, झाला एक टाका. पुतणीचे पहिले चार टाके इतके आवळलेत की सुई आत शिरत नाही. काकू न बघताच म्हणतात, ‘ओढू नको गं एवढं, लोकर हाय ती, नाडी न्हवं.’

सगळ्या ओळी सुलट, म्हणजे लोकर सुईच्या मागे ठेवून विणायचं; पुढे घेऊन विणला तो उलट टाका. जातानाही सुलट, येतानाही सुलट. उलट टाका आलाच नाही, तर नवशिकीचं चुकायचं निम्मं कमी होतं. शिवाय सगळं सुलट विणलं की कापड सपाट राहतं. एक ओळ सुलट, एक उलट असं गुळगुळीत विणलं, तर कडा आतल्या बाजूला वळतात आणि मग त्यांना बॉर्डर घालत बसावं लागतं. पट्टी साधारण ४६ सेंटिमीटर झाली की थांबायचं. डोक्याचा घेर त्याहून आठ-दहा सेंटिमीटर जास्त असतो, पण विणलेलं ताणतं. पुरती मापाला केली, तर दोन दिवसांत सैल होऊन गळ्यात येते.

(दृश्य : पट्टीला एक पीळ, टोकं जोडताना.)

जोडण्याआधी एक पीळ द्यायचा. तो कपाळावर येतो आणि लोकांना वाटतं, फार कसबाचं काम आहे. हात बसलेल्या बाईला याला दीड-दोन तास पुरतात. पुतणीची पहिली पट्टी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत चालली होती.

(दृश्य : खुंटीवरचं जुनं घोंगडं. कॅमेरा त्याच्या विणीवरून हळू सरकतो.)

लोकर या मुलखाला नवी नाही. हे घोंगडं घरात कधीपासून आहे, कोणाला सांगता येत नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर. धनगरांच्या घरी कातायची, मागावर विणायची. अंगाला टोचतं, पण पावसात खांद्यावर टाकलं की पाणी चटकन आत येत नाही. खानापूरच्या बाजूला पाऊस कसा पडतो, हे ज्याला माहीत आहे त्याला घोंगड्याची किंमत सांगावी लागत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. पौषातल्या पहाटे इथे कानाला गार लागतंच.

आणि ही आजची लोकर. बाजारातून आणलेले गुंडे, नाव लोकर, पण बहुतेक ॲक्रिलिक. मेंढीशी काही संबंध नाही. मऊ, स्वस्त, टोचत नाही, हवा तो रंग मिळतो. कानपट्टीला उत्तम. आम्हाला घोंगडंच जास्त आवडलं, हे खरं; म्हणून तर ते इतका वेळ दाखवलं.

(दृश्य : विणलेली चौकोनी पकड, एका कोपऱ्याला काळा, कडक डाग.)

ॲक्रिलिक कुठे चालत नाही, ते इथे दिसतं. गरम भांडं उचलायची ही पकड काकूंनी आधी उरलेल्या लोकरीची केली. तापल्या झाकणाला लावली आणि ती वितळून चिकटली. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या वस्तूंना फक्त सुती दोरा, तोही दुहेरी.

पकडीला माप लागत नाही. सगळं सुलट विणायचं. दोन ओळींची मिळून एक वर उठलेली आडवी रेघ दिसते. जितके टाके, साधारण तितक्या रेघा झाल्या की चौकोन होतो. खात्री करायची तर कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्रिकोणी घडी घाला. कडा जुळल्या, की टाके बंद.

(दृश्य : अक्कांच्या मांडीवर पिवळं विणकाम.)

अक्का तिसरंच काही विणताहेत. हे वाण नाही, बाळाचं टोपडं आहे; त्यांच्या भाचीकडे बारसं आहे. ८ नंबरची सुई, एकेरी लोकर, ७२ टाके. तीन सेंटिमीटर एक टाका उलट, एक सुलट, मग वर १२ सेंटिमीटर गुळगुळीत वीण. टाळूकडे टाके घटवायचे नाहीत, सरळ बंद करायचे. मधोमध घडी, बाजू आणि माथा शिवला की पिशवीसारखं दिसतं. ती बाळाच्या डोक्यावर चढवली, की वरचे दोन कोपरे मांजराच्या कानांसारखे उभे राहतात. बटण नाही, गोंडा नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाईल असं काही लावायचंच नाही. इथे विणलेल्या वस्तूंत आम्हाला सर्वांत आवडली ती हीच.

(दृश्य : अंगणात रांगोळी. काळ्या साड्या. तबकात तिळगूळ.)

हळदीकुंकू. ४० पैकी ३१ वाणं वेळेत झाली, उरलेल्या नऊ जणींना स्टीलच्या वाट्या गेल्या.

(दृश्य : सून तबक फिरवते. लाल, निळ्या, हळदी रंगाच्या पट्ट्या हातोहात जातात.)

एक आजीबाई पट्टी उलटीसुलटी करून बघतात. ‘शिवलंय कुठं?’ पुतणी जागा दाखवते. आजीबाई तिथे नख घालून बघतात.

(दृश्य : फाटकाबाहेर दुचाकी. मागे बसलेल्या बाईच्या कानांवर लाल पट्टी, कपाळावर पीळ, त्याखाली ओलं कुंकू. दुचाकी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दृश्य तोडायचं नाही. मागांचा आवाज पुन्हा वर.)