तामालेचा हापसा आणि तीन उंबरे

मंडळी, घाना म्हटलं की आपल्याला अक्रा आठवतं, फार तर सोनं आणि कोको. मी आज बोलणार आहे ते तामालेबद्दल. घानाच्या उत्तरेतलं सगळ्यात मोठं शहर, नॉर्दर्न रीजनची राजधानी. 2017 ते 2019 मी तिथं हापशांच्या कामावर होतो. अक्राहून बस पकडली की जवळपास 600 किलोमीटर, हळूहळू जंगल संपतं, मोकळं माळरान लागतं, शिया नावाच्या तेलबियांची झाडं, मशिदींचे मिनार, आणि शहरात शिरलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतात त्या मोटारसायकल चालवणाऱ्या बायका. डोक्याला स्कार्फ, पाठीला कापडाने बांधलेलं बाळ, पुढे भाजीची पिशवी, आणि गाडी अगदी आरामात चाललेली. मला ते दृश्य शेवटपर्यंत आवडत राहिलं.

आता हापशाचं सांगतो, कारण तिथला कारभार मला हापशामुळेच कळला. घानात गावोगाव जे हातपंप आहेत त्यातले पुष्कळसे इंडिया मार्क टू. हा पंप मुळात आपल्या सोलापूर पंपावरून पुढे तयार झालेला, 1970 च्या दशकात, दुष्काळी गावांसाठी. तामालेच्या कडेच्या वस्तीत तो लांब दांडा आणि ती साखळी बघितली ना, घरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं मला.

तर शहराच्या टोकाला एका वस्तीत नवीन बोअर घ्यायची होती. असेंब्लीकडून, म्हणजे तिथली महापालिका म्हणा, कागद झाले, मशीन आलं, आणि एक माणूस येऊन उभा राहिला, हा प्लॉट माझा आहे. त्याच्याकडेही कागद होता! मी चिडलो, ऑफिसला फोन लावायला लागलो, तेवढ्यात वॉर्डातली असेंब्लीवुमन स्कूटरवरून आली आणि म्हणाली, फोन ठेव, आधी चीफकडे, म्हणजे तिथल्या पारंपरिक प्रमुखाकडे जायचं, आणि मान म्हणून कोलाच्या बिया घेऊन जायचं.

हे नीट समजून घ्या. उत्तर घानात जमीन बऱ्याच ठिकाणी चीफच्या गादीच्या नावाने असते. दक्षिणेत गादीला स्टूल म्हणतात, उत्तरेत स्किन, कारण चीफ खरोखरच जनावराच्या कातड्यावर बसतात. प्लॉट देणार चीफ, त्याची नोंद सरकारकडे, आणि त्यावर काय बांधायचं याची परवानगी असेंब्लीकडे. जमिनीच्या भाड्याचं वाटपसुद्धा राज्यघटनेत लिहिलेलं आहे: आधी 10 टक्के वसूल करणाऱ्या सरकारी कार्यालयाला, उरलेल्यातले 25 टक्के गादीला, 20 टक्के पारंपरिक सत्तेला आणि 55 टक्के असेंब्लीला. म्हणजे चीफ ही नुसती शोभेची गोष्ट नाही, तो कारभाराचाच भाग आहे.

आम्ही गेलो. बाहेर चपला काढल्या, आत जाऊन खाली बसलो, कोलाच्या बिया पुढे ठेवल्या. "दासिबा", म्हणजे सकाळचा नमस्कार. उत्तर आलं "नाआ". मग घरच्यांची चौकशी, कामाची चौकशी, पावसाची चौकशी, आणि माझ्या मनात मशीनचं भाडं चालू! चीफशी मी थेट बोलायचं नाही, मी वुलानाला, म्हणजे चीफच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला सांगायचं, तो चीफला सांगणार, चीफचं उत्तर पुन्हा त्याच्याकडून येणार. तासाभराने निकाल लागला, बोअरला पन्नास पावलं पलीकडची मोकळी जागा, आणि तो माणूस आमच्याबरोबर हसत बाहेर पडला. माझ्या फोनने हे झालं नसतं.

चीफकी बिघडली तर काय होतं तेही डागबोनने, म्हणजे या भागातल्या जुन्या पारंपरिक राज्याने, भोगलंय. तामालेपासून पूर्वेला 100 एक किलोमीटरवर येंडी, तिथं या सगळ्या चीफांचा राजा, त्याची पदवी या-ना. मार्च 2002 मध्ये या-ना याकुबु अंदानी दुसरे यांची हत्या झाली, अबुदू आणि अंदानी या दोन घराण्यांचा वाद होता, आणि नवीन राजा बसायला जानेवारी 2019 उजाडला. सतरा वर्षं! असांतेहेने, म्हणजे असांते लोकांचे राजे, ओसेइ तुतु दुसरे आणि आणखी दोन मोठ्या राजांनी बसून मार्ग काढला. त्या जानेवारीत मी तिथेच होतो, लोक किती हलके झाले होते ते शब्दात सांगता येत नाही.

आता असेंब्ली. 1988 पासूनची ही व्यवस्था. सदस्यांपैकी सत्तर टक्के लोक निवडून देतात, तीस टक्के राष्ट्रपती नेमतात. निवडणुकीत पक्षाचं चिन्ह चालत नाही, कायद्यानेच मनाई. आणि शहराचा मुख्य कार्यकारी, त्यालाही राष्ट्रपतीच नेमतात, असेंब्लीत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं मिळाली की झालं. आपला आयुक्त सरकारने पाठवलेला असतो तसंच काहीसं, पण तिथला माणूस अधिकारी नसतो, राजकीय असतो, सरकार बदललं की तोही जातो. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. गटार तुंबलं की लोक शिव्या घालतात वॉर्डातल्या मेंबरला, जिला मी होतो तेव्हा पगारसुद्धा नव्हता, बैठकीचा भत्ता फक्त, आणि पैशाच्या चाव्या मात्र वरून आलेल्या माणसाकडे.

हे बदलायचं घाटत होतं. 17 डिसेंबर 2019 ला सार्वमत ठरलं होतं, असेंब्लीत पक्ष येऊ द्यायचे का यावर, आणि मुख्य कार्यकारी लोकांनी निवडायचा ही सुधारणाही त्याच्याच जोडीला. 1 डिसेंबरला तेव्हाचे राष्ट्रपती आकुफो-आडो यांनी टीव्हीवर येऊन ते रद्द केलं, देशात एकमत नाही म्हणून. सदस्यांची निवडणूक मात्र त्याच तारखेला झाली, आणि आमची असेंब्लीवुमन पुन्हा उभी होती. महिला मेंबर तिथं फारच थोड्या, त्यामुळे मला जास्तच काळजी.

त्या दिवशी ती सकाळी मत देऊन सरळ हापशावर आली. दांडा हलका लागत होता, पाणी येत नव्हतं. हरमाटन या कोरड्या वाऱ्याची धूळ, सगळं आभाळ पांढुरकं, बायकांच्या बेसिनची रांग. मी पाईप वर ओढले, वायसर झिजून पातळ झाला होता. तिने तो हातात घेतला, रांगेतल्या बायकांना वर धरून दाखवला आणि डागबानी या तिथल्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी विचारलं काय म्हणालीस. म्हणाली, प्रत्येक घराने आठवड्याला एक सेडी, म्हणजे तिथलं चलन, काढायची, हा मी येऊन बदलणार नाही, तुम्ही बदलायचा, पाना माझ्या घरी आहे, कधीही या.