युनिटमागची टोपली

शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. लक्ष्मी रस्त्यावरील सराफी पेढ्यांची शटर वर जाण्याआधीच, समोरच्या पायरीवर बसलेल्या या गृहस्थांची चांदीच्या ईटीएफची, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या फंडाची, खरेदी मोबाइलवर आटोपलेली आहे. खरेदी सोपी, म्हणून वस्तूही सोपी, हा समज इथूनच सुरू होतो.

सदाशिव पेठेतील या कार्यालयात गुंतवणूक सल्लागार एका पाठकोऱ्या कागदावर टोपली काढत आहेत: ईटीएफच्या युनिटमागे, म्हणजे फंडाच्या हिश्श्यामागे, असलेल्या मालमत्तेची. जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदल्या गेलेल्या निफ्टी बीज या देशातील पहिल्या ईटीएफच्या टोपलीत निफ्टीतील कंपन्यांचे शेअर निर्देशांकातील प्रमाणानुसार असतात. बाजारात युनिट टोपलीच्या मोलापेक्षा महाग होऊ लागले, की मार्केट मेकर, म्हणजे युनिटांची सतत खरेदी-विक्री करणारी संस्था, फंडाला शेअरची टोपली किंवा तेवढी रोख रक्कम देऊन ठोक प्रमाणात नवी युनिटे घेतो आणि ती बाजारात विकतो. युनिट स्वस्त झाले, तर हाच व्यवहार उलट दिशेने चालतो. टोपलीच्या या ये-जा करण्यामुळेच बाजारभाव मूल्याला धरून राहतो. म्हणून सामान्य गुंतवणूकदारासाठी एखादा ईटीएफ गुंतागुंतीचा आहे का, हे ठरवताना टोपलीत काय आहे आणि ती पुन्हा भरता येते का, हे आधी विचारायला हवे.

आता सल्लागार टोपलीवर फुली मारतात. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवरील एकत्रित ७ अब्ज डॉलरची मर्यादा २०२२ मध्ये गाठली गेली, नवी युनिटे अडली आणि अमेरिकी शेअरचे नॅस्डॅक ईटीएफ मूल्याहून महाग विकले जाऊ लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चांदीच्या तुटवड्यात चांदीच्या ईटीएफचेही तेच झाले. असे अधिमूल्य, म्हणजे मूल्यावरचा जादा भाव, विरले, की चांदी जागच्या जागी असूनही युनिट उतरते.

भिंतीवरील हा रिस्कोमीटर, म्हणजे फंडाची जोखीम दाखवणारी काट्याची तबकडी, सहा पायऱ्यांचा आहे आणि साध्यासुध्या निफ्टी ईटीएफसाठीही त्याचा काटा शेवटच्या पायरीला टेकतो; तो जोखीम मोजतो, गुंतागुंत नव्हे, हे मात्र त्यावर कुठेही लिहिलेले नसते. युरोपीय संघाच्या नियमांत ‘गुंतागुंतीचे उत्पादन’ हा वेगळा वर्ग आहे आणि ते विकण्यापूर्वी ग्राहकाचे ज्ञान व अनुभव तपासावे लागतात.

पुन्हा तीच पायरी, तोच मोबाइल. पडद्यावर बाजारभाव ठळक दिसतो आहे. टोपलीचे त्या क्षणाचे सूचक मूल्य, म्हणजे आयनॅव्ह, पाहण्यासाठी गृहस्थ आता फंडाचे संकेतस्थळ उघडत आहेत.