किलमायकल: वळणावरचे तिघे

(दृश्य: ओला रस्ता, वळण, दोन्ही बाजूंना खडक)

आयर्लंडच्या दक्षिण टोकाचा कॉर्क परगणा. काळ ब्रिटिशांविरुद्धच्या आयरिश स्वातंत्र्ययुद्धाचा. मॅक्रूमहून डनमॅनवेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं किलमायकलचं हे वळण नीट पाहून घ्या. दलदलीचा मुलूख, मधूनच डोकं वर काढणारे खडक. गनिमी काव्यासाठी जागा तशी बेतास बात, कारण इथून निसटायला वाट नाही. आयरिश बंडखोरांच्या तुकडीचा म्होरक्या टॉम बॅरी यानं ते आपल्या माणसांपासून लपवलं नव्हतं. माघारीची योजनाच नव्हती.

बॅरी तेव्हा २३ वर्षांचा. पोलिसाचा मुलगा, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यातला सैनिक. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या डब्लिनच्या उठावाची बातमी त्याला मेसोपोटेमियात कळली. तोफखान्यात शिकलेली शिस्त पुढे त्यानं याच सैन्याविरुद्ध वापरली.

(दृश्य: मॅक्रूमच्या किल्ल्याचा दरवाजा)

समोर होते ऑक्झिलरी, म्हणजे ब्रिटिशांचे जादा पोलिस. महायुद्ध लढलेले माजी अधिकारी, रोजचा पगार एक पौंड, मुक्काम या किल्ल्यात. गावोगाव घरं धुंडाळायची, माणसं उचलायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांना कुणी हात लावू शकत नाही, अशी त्यांची ख्याती झाली होती. ती मोडायची, एवढंच बॅरीला हवं होतं.

(दृश्य: पाऊस, शेतातली पायवाट)

२७ नोव्हेंबर १९२०, शनिवारची रात्र. छत्तीस जणांची तुकडी, बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. अंधारात, बांधाच्या आडोशाला एका पाद्र्यानं त्यांच्या पापांची कबुली ऐकून घेतली आणि मग पावसात पायपीट सुरू झाली. रविवारी सकाळी सगळे आपापल्या जागी पोचले. अंगावर ओले कपडे, पोटात काही नाही. जवळच्या एका घरातून जे थोडंफार आलं, तेवढंच. दिवसभर हालचाल न करता पडून राहायचं. बंदूक चालवण्यापेक्षा हे अवघड असावं.

दुपारी चारच्या सुमाराला लॉऱ्यांचा आवाज आला. नेमकी त्याच वेळी, उशीर झालेल्या आपल्याच काही साथीदारांची घोडागाडी रस्त्यावर उगवली! ती कशीबशी बाजूच्या बोळात घुसवली.

(दृश्य: वळणाकडे येणारी मोटार, कॅमेरा रस्त्याच्या उंचीवर)

गणवेशाचा कोट घालून बॅरी रस्त्याच्या कडेला उभा राहिला. हा आपलाच कुणी अधिकारी असावा असं वाटून ड्रायव्हरनं वेग कमी केला. बॅरीनं हातबॉम्ब फेकला, शिट्टी वाजवली. पहिली लॉरी तिथल्या तिथे थांबली.

दुसऱ्या लॉरीची गोष्ट वेगळी. बॅरी सांगतो, की त्या लॉरीतल्यांनी शरण येत असल्याचं ओरडून सांगितलं, आपली माणसं उठून उभी राहिली आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. मग त्यानं गोळीबार थांबवू दिला नाही. ही खोटी शरणागती घडलीच नाही, असं म्हणणारे इतिहासकारही आहेत. त्या मुलुखात मात्र बॅरीच्या शब्दावर विश्वास ठेवणारे पुष्कळ.

(दृश्य: स्मारकावरची नावं)

मायकल मॅकार्थी. जिम ओ'सलिव्हन. पॅट डीझी. बॅरीच्या तुकडीतले हे तिघे मेले. पॅट १६ वर्षांचा. त्यानं त्याच रात्री जवळच्या एका घरात प्राण सोडला. तिघांना आधी दलदलीत तात्पुरतं पुरलं, कारण शोध घेणारे येणार हे ठरलेलंच होतं. नंतर रात्रीच्या अंधारातच कॅसलटाउन-केनीच्या दफनभूमीत नेलं.

चकमक संपल्यावर बॅरीनं काय केलं? जळत्या लॉऱ्यांच्या उजेडात हादरलेल्या पोरांना रांगेत उभं करून कवायत करायला लावली. एखादा निर्दय म्हणेल. पण त्यानंतर तीच पोरं ओळीनं, रात्रीच्या अंधारात चालत दक्षिणेकडे पोचली.

ऑक्झिलरींपैकी सतरा जण मेले. त्यातला एक निसटला होता, तो पुढे पकडून मारला गेला. १० डिसेंबरला कॉर्कसह चार परगण्यांत लष्करी कायदा आला, दुसऱ्या रात्री कॉर्क शहराचा मध्यभाग पेटवला गेला. जुलै १९२१ मध्ये युद्धविराम झाला.

(दृश्य: नोव्हेंबरचा स्मृतिदिन, आयरिश तिरंगा, पुष्पचक्र, प्रार्थना. निवेदन नाही, फक्त मूळ आवाज.)